होथला आधी विठोबा, मग पोटोबा

डब्लिनला घरी पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी होथ ठरलेलं. शहरातून लोकल पकडली की अर्ध्या तासात समुद्र, मासेमारीचं बंदर, डोंगर आणि उभे कडे. तिथे पोचल्यावर बहुतेक मराठी घरं काय करतात तेही मला आता पाठ झालंय. स्टेशनाबाहेर पडायचं, मासळीची दुकानं दिसली की भूक लागायची, तळलेला मासा आणि चिप्स घेऊन धक्क्यावर फतकल मारायची, सीलचे फोटो काढायचे. मग अंगात सुस्ती भरलेली असताना कुणीतरी म्हणतं, "अरे, तो कड्यावरचा रस्ता राहिलाच की!" तोवर तीन वाजलेले, वारा सुटलेला आणि रस्ता चढाचा. अर्ध्यातूनच "दिसलं सगळं" म्हणत मंडळी परत.

मीही पहिल्या दोन-तीन खेपा अशाच घालवल्या. मग एका मे महिन्यात आई-बाबा मालवणहून आले. बाबांना चढ झेपत नाही, म्हणून बसने थेट माथ्यावर गेलो आणि कड्याच्या अंगाने उतरत बंदरात आलो. भूकसुद्धा नेमकी बंदरात पोचल्यावर लागली. तेव्हापासून माझा क्रम बदललेला नाही. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण होथपुरती उलटी करायची.

नाव आणि जागा

स्पेलिंग बघून आपण 'हाउथ' म्हणतो. गावकरी म्हणतात 'होथ'. तिकीट-खिडकीवर किंवा टॅक्सीत हाउथ म्हटलंत तरी समजून घेतात, पण होथ म्हटलंत की समोरचा जरा खुलतो. शब्द व्हायकिंगांचा. त्यांच्या नॉर्स भाषेत 'डोकं' या अर्थाचा जो शब्द होता त्यावरून हे नाव पडलं. आयरिश भाषेतलं नाव वेगळंच आहे, बिन एडर. गाडीतल्या घोषणेत ते ऐकू आलं की गोंधळू नका, तुम्ही बरोबर गाडीत आहात.

डब्लिनच्या उपसागराच्या उत्तर टोकाला हा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. पूर्वी ते बेटच होतं, पुढे वाळूचा दांडा साचत जाऊन किनाऱ्याला चिकटलं. सर्वांत उंच जागा १७१ मीटर, म्हणजे सह्याद्री बघितलेल्याला टेकडीच. पण ही टेकडी सरळ समुद्रात संपते. गाव तिच्या उत्तर उतारावर आहे, बंदर पायथ्याशी.

भारतातून येणार असाल तर

हे थोडक्यात, कारण घोटाळा नेहमी एकाच जागी होतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्स-इटलीच्या सहलीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनच्या विमानतळावरून बाहेर पडता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागदपत्रं केंद्रात द्यायची. एका प्रवेशाच्या व्हिसाची फी ६० युरो, अनेक प्रवेशांच्या व्हिसाची १०० युरो. अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांच्या आत करता येतो, तर तेव्हाच करून मोकळे व्हा.

लंडनला मुलीकडे आलेल्या आई-वडिलांसाठी एक वाट आहे. ब्रिटनच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल आणि आधी ब्रिटनमध्ये प्रवेश झालेला असेल, तर त्याच व्हिसावर आयर्लंडला येता येतं. शेरा आहे की नाही हे विमानाचं तिकीट काढण्याआधी बघा, नंतर नको.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर मे. एप्रिल-मेमध्ये सगळा डोंगर पिवळा होतो. गॉर्स नावाचं काटेरी झुडूप असतं, त्याची ती फुलं. ऊन पडलं की या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. आई पहिल्यांदा वर उतरली तेव्हा इकडेतिकडे बघायला लागली, म्हणाली, "कुणी खोबरं किसतंय का इथे?" फूल नाकाशी धरलं तेव्हा तिला पटलं. तोडू मात्र नका, काटे सुईसारखे असतात. ऑगस्टमध्ये दुसरा रंग येतो, हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांचा जांभळा.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारचं जेवण घरी करून निघालात तरी दिवस पुरतो. डिसेंबरमध्ये उलट. चारनंतर लगेच अंधारतं, म्हणून हिवाळ्यात सकाळी दहाला माथ्यावर असलं पाहिजे.

पावसाची धास्ती घेऊ नका. डब्लिनला वर्षभरात साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळपास पुण्याइतकाच. पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने थोडाथोडा भुरभुरत राहतो. कोकणातल्या माणसाला हा पाऊस वाटतही नाही. खरा त्रास वाऱ्याचा. गावात हवा बरी वाटली म्हणून कड्यावर पातळ स्वेटरवर जाऊ नका. वारा अडवणारं, टोपीचं जाकीट हवं. छत्री घरीच राहू द्या. बाबांनी मालवणहून आणलेली लांब दांड्याची काळी छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली, आणि मग दिवसभर ती काठी म्हणून कामाला आली.

ऊन पडलेला शनिवार-रविवार शक्यतो टाळा. अख्खं डब्लिन तिथे असतं आणि परतीच्या गाडीला स्टेशनाबाहेर रांग लागते. पण स्टेशनासमोरचा छोटा बाजार शनिवार-रविवारीच भरतो, तेव्हा केक-पाव-चीज बघायची हौस असेल तर गर्दी सोसा.

पहिला टप्पा: गाडी

शहराच्या मधोमध कॉनली, टारा स्ट्रीट किंवा पिअर्स, यातलं जवळचं स्टेशन गाठा. किनाऱ्याने धावणाऱ्या इथल्या लोकलला डार्ट म्हणतात. १९८४ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून होथ हे तिचं एक टोक आहे. कॉनलीहून साधारण पंचवीस-तीस मिनिटं.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. उत्तरेकडे जाणाऱ्या रुळांना होथ जंक्शनला फाटा फुटतो. एक वाट होथला, दुसरी मालाहाइडला. फलाटावरची पाटी बघून चढा. ठाणे-कल्याण केलेल्या माणसाला हे शिकवायला नको, पण मी स्वतः फोनवर बोलत मालाहाइडच्या गाडीत बसलेलो आहे. तसं झालंच तर घाबरू नका, होथ जंक्शनला उतरून होथची गाडी धरा. काही वेळा थेट गाडी नसते, तेव्हाही तिथेच बदलावी लागते.

पैसे लीप कार्डाने द्या, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या इथल्या प्रवास-कार्डाने. कार्ड विमानतळावर आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत मिळतं. मोठ्या माणसाला शहराच्या पट्ट्यात ९० मिनिटांचं भाडं दोन युरो. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून ९० मिनिटांच्या आत पुढचं वाहन पकडलं तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. डार्टने होथला येऊन लगेच वरची बस धरली तर ती याच दोन युरोत बसते. डार्टला चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावायचं. बसमध्ये फक्त चढताना, दाराशी उजव्या हाताच्या यंत्रावर. रोख द्यायचं म्हटलं तर बसमध्ये नाणीच लागतात, भाडं जास्त पडतं आणि सुटे परत मिळत नाहीत.

सटन स्टेशन सोडलं की डावीकडे समुद्र दिसायला लागतो आणि त्यात एक ओबडधोबड बेट. त्याच्याबद्दल पुढे. बाबा मात्र बेट बघत नव्हते. शेजारच्या आजोबांना ते सांगत होते की तुमचे ते पंतप्रधान होते ना, लिओ वराडकर, त्यांच्या वडिलांचं गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. आजोबांना हे आधीच माहीत होतं. पण त्यांनी नव्यानेच कळल्यासारखं दाखवलं, ही आयरिश माणसाची रीत.

दुसरा टप्पा: बसने माथ्यावर

स्टेशनाबाहेर पडलात की बंदराकडे बघूसुद्धा नका. रस्त्यावरच्या थांब्यावर एच-३ क्रमांकाची, 'होथ समिट' पाटीची बस धरा. वेळ टीएफआय लाइव्ह या अॅपवर बघून घ्या. शहरातल्या अॅबी स्ट्रीटहून थेट हीच बस पकडली तरी चालतं. वेळ जास्त लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही. बस गावातल्या चढाच्या रस्त्याने दहा मिनिटांत वर पोचवते. शेवटच्या थांब्यावर उतरा.

वर एक पब आहे. प्रसाधनगृहाची गरज असेल तर काहीतरी गरम घेऊन तिथेच उरकून घ्या, कारण पुढे बंदर येईपर्यंत कड्यावर काही नाही. थांब्यापासून थोडं चाललं की मोटारींचा तळ लागतो आणि दक्षिणेचा सगळा उपसागर समोर उघडतो. खाली जिभेसारख्या पुढे आलेल्या खडकावर पांढरं बेली दीपगृह. १८१४ सालचं आहे. आयर्लंडमध्ये माणसाच्या हाताने चालणारं हे शेवटचं दीपगृह; १९९७ मध्ये ते यंत्रावर गेलं आणि राखणदार घरी गेले. आत सोडत नाहीत, त्यामुळे तिथवर उतरून जायची तंगडतोड करू नका. देखावा वरूनच चांगला आहे. उजवीकडे लांबवर वीजकेंद्राच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन चिमण्या दिसतात, दोन्ही २०० मीटरहून उंच. डब्लिनकर विमानातून या दोघी दिसल्या की 'आलं घर' म्हणतात. त्यांच्या पलीकडे विकलोचे डोंगर.

तिसरा टप्पा: कड्याने खाली

आता नीट दिशा. तळावरून पायवाट खाली कड्याच्या वाटेला मिळते. तिथे डावीकडे वळा, म्हणजे समुद्र तुमच्या उजव्या हाताला राहील. गाव येईपर्यंत तो उजवीकडेच राहिला पाहिजे. डावीकडे आला तर तुम्ही दीपगृहाकडे निघालात. वाटेवर रंगीत बाणांचे खांब आहेत. स्टेशनापासून निघून परत तिथेच येणाऱ्या चार फेऱ्या आखलेल्या आहेत. त्यातली सर्वांत लहान हिरवी, सुमारे सहा किलोमीटरची, आणि सर्वांत मोठी जांभळी, तिला तीन तास लागतात. आपण हिरव्या फेरीचा उतरता अर्धा भाग तेवढा चालणार आहोत. साधारण तीन किलोमीटर. धडधाकट माणूस तासाभरात उतरतो. आम्हाला आई-बाबांबरोबर दोन तास लागले, त्यात अर्धा तास बसण्यात आणि बिस्किटांत गेला.

वाट मातीची, दगडांची, कुठे जेमतेम एका माणसापुरती. समोरून कुणी आलं तर एकाने थांबायचं. थांबणाऱ्याने नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, समुद्राच्या नाही. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. कड्याची कड भुसभुशीत असते, वरून गवत दिसतं आणि खाली पोकळ असतं. सेल्फीसाठी त्या गवतावर पाय टाकू नका, आणि लहान मूल असेल तर त्याचा हात तुमच्या हातात, फोन खिशात. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. पाऊस होऊन गेला असेल तर चिखलावरून घसरायला होतं. मी पांढरे नवे कॅनव्हासचे बूट आणि साडीखाली चपला घातलेल्या मावश्या इथे पाहिल्या आहेत. मावश्या शहाण्या, त्या पहिल्या वळणावरून परत फिरल्या. काही विपरीत घडलं तर ११२ किंवा ९९९ लावायचा आणि 'कोस्ट गार्ड' मागायचं.

पूर्वेच्या बाजूला आलात की शहर पाठीमागे जातं आणि नुसता आयरिश समुद्र उरतो. एप्रिल ते जुलै हे पक्ष्यांच्या विणीचे दिवस. कड्याच्या खाचांत किटिवेक, गिलेमॉट, रेझरबिल दाटीवाटीने बसलेले असतात. किटिवेक स्वतःचं नाव घेऊन ओरडतो, त्यामुळे तो ओळखायला पुस्तक लागत नाही.

उन्हाळ्यात कधी करपलेले काळे पट्टे दिसतील. गॉर्समध्ये तेल असतं, एकदा पेटला की दिवसचे दिवस धुमसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात इथे मोठे वणवे लागले. त्याच वर्षी आगीचं सरपण कमी व्हावं म्हणून जुन्या आयरिश जातीच्या शेळ्यांचा कळप डोंगरावर आणून सोडला, राखायला माणूस ठेवून. रान चरून साफ करायचं हे काम आपल्याकडे धनगर न सांगता करतात. तुम्ही एवढंच करा, इथे शेगडी पेटवू नका आणि सिगारेटचं थोटूक टाकू नका.

मग वाट डावीकडे, म्हणजे वायव्येला वळते. या कोपऱ्याला 'होथचं नाक' म्हणतात. वळल्याबरोबर वारा पडतो आणि समोर ते गाडीतून दिसलेलं बेट, मागे लँबे बेट, आणि खाली बंदराचे दोन हात. माझ्या मते या अख्ख्या दिवसातली सर्वांत चांगली जागा हीच. खालून चढत येणाऱ्याला हे सगळं पाठीमागे राहतं, तो धापा टाकत पायाखालचे दगड बघत असतो. इथे खाऊचा डबा उघडा. पुढे बॉल्सकॅडनच्या छोट्या खाडीवरून डांबरी रस्ता लागतो आणि तो थेट पूर्व धक्क्याशी आणून सोडतो.

गुडघे दुखत असतील तर खरं सांगतो, खडबडीत उतार चढापेक्षा वाईट. त्यांच्यासाठी दुसरी वाट. डोंगरावर १९०१ पासून ट्राम धावायची, ती १९५९ च्या ३१ मेला बंद झाली. तिच्या जुन्या मार्गावरून आता पायवाट गावात उतरते, निळ्या बाणांची. ट्रामला झेपेल असाच तिचा उतार, म्हणजे गुडघ्यांनाही झेपतो. समुद्र कमी दिसतो, एवढंच. तेही नको असेल तर माथ्यावर तासभर बसा आणि त्याच बसने खाली या. त्यात कमीपणा नाही.

चौथा टप्पा: बंदर

बंदराला दोन मोठे धक्के, पूर्व आणि पश्चिम. आपण पूर्वेच्या बाजूने आलोय, तर आधी त्यावर चक्कर मारा. टोकाला १८१७ चं जुनं दीपगृह आहे. याच धक्क्यावर १९१४ च्या २६ जुलैला, रविवारी भर दुपारी, 'अॅसगार्ड' नावाच्या शिडाच्या नावेतून ९०० बंदुका उतरवल्या गेल्या. आयरिश स्वयंसेवकांनी ओळीने उभं राहून हातोहात त्या घेतल्या आणि खांद्यावर टाकून शहराकडे चालत निघाले. त्यातल्या बंदुका पुढे १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावात वाजल्या. ती नाव आजही डब्लिनच्या कॉलिन्स बॅरक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी पाऊस असेल तर तिकडे जा.

पश्चिम धक्क्याच्या टोकाला त्याच्या उलट गोष्ट. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज १८२१ च्या १२ ऑगस्टला इथे उतरला, तो त्याचा वाढदिवस होता आणि स्वारी चांगलीच तर्र होती म्हणतात. एका पाथरवटाने त्याच्या पावलांचे ठसे दगडात कोरून ठेवले, ते अजून आहेत. पादुकाच म्हणा. आकाराने लहान आहेत, शोधावे लागतात. गंमत पुढची. हे बंदर १८०७ पासून बांधायला घेतलं होतं ते इंग्लंडची टपाल-बोट लागावी म्हणून. पण गाळ इतका साचायचा की बोटीला ओहोटीत पाणी पुरेना. राजा आला इथे, पण तीन आठवड्यांनी परत गेला तो उपसागराच्या दक्षिण बाजूच्या डन लेअरीहून. त्या गावाला मग 'किंग्सटाउन' नाव मिळालं आणि काही वर्षांनी टपाल-बोटही तिकडेच गेली. होथच्या वाट्याला मासे आले. मला विचाराल तर होथचं नशीब चांगलं.

दोन्ही धक्क्यांच्या मधोमध, रस्त्याच्या वर सेंट मेरीज अॅबीचे पडके अवशेष आहेत. इथलं पहिलं चर्च १०४२ मध्ये डब्लिनच्या नॉर्स राजाने, सिट्रिकने बांधलं. आजच्या भिंती नंतरच्या. पाच मिनिटं पुरतात, पण तिथून बंदराचा फोटो छान येतो.

सील पश्चिम धक्क्यावर दुकानांच्या मागच्या पाण्यात असतात. काळं गुळगुळीत डोकं वर काढून भटक्या कुत्र्यासारखे आशाळभूत बघतात. मासा टाकू नका, हात तर मुळीच खाली नेऊ नका, चावतात.

आता पोटोबा

पश्चिम धक्क्यावर एका ओळीत खाणावळी आणि मासळीची दुकानं. बसून जेवायचं तर चावडर घ्या. मासे, शिनाणे, बटाटा आणि सायीचं दाट सूप, सोबत काळसर सोडा-ब्रेड. डुकराचं मांस चालत नसेल तर आधी विचारा, काही जण त्यात बेकन घालतात. हातात घेऊन खायचं तर तळलेला मासा आणि चिप्स. कॉडऐवजी हॅडॉक मागा, त्याला चव जास्त असते. दोन्हीत आपल्या तोंडाला मीठ-तिखट कमीच वाटेल, म्हणून आई पिशवीत लसणाची चटणी बाळगते.

खाताना पाठीशी भिंत हवी. इथले समुद्रपक्षी, ते मोठे पिवळ्या चोचीचे गल, मागून येतात. माझ्या हातातला पहिलाच गरम तुकडा, दोन बोटांच्या मधून, नखालाही न लागता गेला. समोर बसलेल्या बाईने न बोलता तिच्यातले चार चिप्स माझ्या पुढ्यात ठेवले.

शाकाहारी माणसाची पंचाईत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. चिप्स पुष्कळदा माशाच्याच तेलात तळतात, काही ठिकाणी तर गोवंशाच्या चरबीत. "तेल वेगळं आहे का, कशाचं आहे" हे स्पष्ट विचारा, इथे कुणी राग मानत नाही. नाहीतर भाजीचं सूप आणि ब्रेड, किंवा सरळ घरून थेपले-पोळीभाजी. गुरुवारवाल्या पाहुण्यांना मी दुसऱ्या वारी नेतो.

जेवताना सांगायची एक दंतकथा. स्टेशनापलीकडे होथचा किल्ला आहे. १५७६ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्याची दर्यावर्दी सरदारीण ग्रॉन्या मेल वाटेत मुक्कामाला थांबली तर मालक जेवत होते, म्हणून दार उघडलं नाही. तिने मालकाचा मुलगा की नातू उचलून नेला आणि सोडायची अट घातली: दार जेवणाच्या वेळी कधी बंद ठेवायचं नाही आणि अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं वाढायचं. ते घराणं तिथे आठशे वर्षं होतं, आणि ते जास्तीचं ताट पिढ्यान् पिढ्या मांडलं जायचं म्हणतात. २०१९ मध्ये किल्ला विकला गेला.

मासळी घरी न्यायची तर

आमच्या घरी होथची सहल यानेच पुरी होते. थंडी टिकवणारी पिशवी बरोबर न्या आणि दुकानात बर्फ मागा, मूठभर देतात. काचेमागे सगळं स्वच्छ, निटनेटकं आणि आपल्या दृष्टीने अर्धवट असतं. डोकी नाहीत, काटे नाहीत, नुसते पांढरे काप. कालवणाला कॉड घेऊ नका, उकळीत त्याचा भुगा होतो. मंकफिश घ्या. घट्ट असतो, काटा एकच, आमटीत तुकडा तुकडा राहतो. 'डब्लिन बे प्रॉन' दिसले की कोळंबी समजून हुरळू नका. बारीक नांग्यांचा तो केशरी प्राणी कोळंबीपेक्षा शेवंडाच्या जवळचा, आणि शिजवलं की एवढासा होतो. पण डोकी टाकू नका, त्यांचा रस्सा सुरेख होतो.

उन्हाळ्यात मॅकरेल मिळतो, तो आपल्या बांगड्याचा नातलग. पाठीवर वाघासारखे पट्टे, तेल जास्त. बाबांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि निकाल दिला, "ह्यो बांगडो नाय. बांगड्याचो चुलतभाव." दुकानदाराने चार उचलले, डोकं उडवून काप काढायला सुरी लावणार, तेवढ्यात बाबांनी दोन्ही हात वर केले. मग इंग्रजीचा नाद सोडून त्यांनी तर्जनीने हवेत आडव्या रेघा मारल्या, एक, दोन, तीन. त्याने सुरी फिरवली, आडवी. डोकीही वेगळ्या कागदात बांधून दिली, पैसे न घेता. तुम्ही एवढं नाटक करू नका, 'गटेड, हेड ऑन' एवढं म्हटलं की साफ करून अख्खा मासा देतात.

बेटाचं काय?

आयर्लंड्स आय. नावातल्या 'आय'चा डोळ्याशी संबंध नाही, नॉर्समध्ये 'एय' म्हणजे बेट. वसंतापासून शरदापर्यंत पश्चिम धक्क्यावरून होड्या सुटतात, पंधरा मिनिटांत पोचतात. बेटावर वस्ती नाही, प्रसाधनगृह नाही, पाणी नाही. एका पडक्या चर्चचे अवशेष आहेत, नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी बांधलेला एक बुटका बुरूज आहे आणि एका सुळक्यावर हजारो पांढरे गॅनेट पक्षी. १८५२ मध्ये एक चित्रकार बायकोला घेऊन इथे दिवसभरासाठी आला आणि संध्याकाळी ती खडकांत मेलेली सापडली. कर्वन त्याचं नाव. खुनाच्या आरोपात त्याला शिक्षा झाली, आणि त्यानेच केलं का यावर लोक अजून भांडतात.

तिकीट घेतानाच विचारा की बेटावर उतरवणार की नुसती फेरी मारून आणणार. उतरायचं खडकावर असतं, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना फेरीच बरी. उतरलात तर परतीच्या शेवटच्या होडीची वेळ होडीवाल्याच्या तोंडून ऐका आणि घड्याळात लावून ठेवा. डोंगर आणि बेट एकाच दिवशी करायची हौस मी एकदाच केली. पुन्हा नाही.

परतीची गाडी

होथ हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळते. डार्टला चढताना कार्ड लावायला विसरू नका, दिवसभर दमल्यावर नेमकं तेच विसरतं. मासळीची पिशवी पायाशी ठेवा, बर्फ वितळून थेंब गळतात. त्या दिवशी आमची पिशवी किलबॅरकपर्यंत तग धरून होती, मग फलाटापर्यंत गाडीत एक बारीक ओघळ गेला आणि आईने तो पदराने नाही, माझ्या मफलरने पुसला.

घरी आल्यावर बाबांनी मॅकरेलचं तिखलं करायचं ठरवलं. नारळ गोठवलेला होता, आमसुलं होती, मिरची होती. मी म्हटलं, तिरफळं कुठून आणणार, डब्लिनमध्ये मिळत नाहीत. आईने पर्स उघडली.